शिंपल्यांचा छत्रीनाना

छत्रीनानाच्या कपाळाला कोणीतरी कुंकू लावलं होतं.

टपालाची पिशवी खुंटीला लावायच्या आधीच एकनाथ तामोरेला ते दिसलं. फळीवर काडेपेट्या आणि शिंपल्यांची सखूकाकू यांच्या मधोमध वीतभर उंचीचा नाना रोजच्यासारखा हनुवटी वर करून आभाळ बघत उभा होता, आणि त्याच्या पांढऱ्या कपाळावर तांबडाभडक टिळा. वर दोन अक्षतासुद्धा चिकटवलेल्या.

"हिरे, ह्याला देव कोणी केला?"

हिरा चुलीवर सुके बोंबील भाजत होती. तिने मानही वळवली नाही. "जमनावैनीने. चार दिवस येते. तुमी टपाल घेऊन गेलात की येते, त्याच्यासमोर बसते नि जाते. आज कुंकू घेऊन आली."

"आणि तू लावू दिलंस?"

"मी कोण नाय म्हणणार? नाना तुमचा हाय. माजा असता तर कवाच चुनाभट्टीत घातला असता."

एकनाथने ओला फडका घेतला आणि नानाचं कपाळ पुसलं. अक्षता निघाल्या, कुंकू निघालं, पण शिंपल्याने रंग पिऊन टाकला होता. कितीही घासलं तरी गुलाबी डाग काही जाईना. परवा पालघरला प्रदर्शन, आणि आज नानाच्या कपाळावर डाग. एकनाथला रडावं की कुणाचं तरी डोकं फोडावं तेच कळेना. नऊ वर्षं खपून एक वस्तू करावी आणि कुणीतरी येऊन तिला शेंदूर फासून जावं. आपल्या लोकांना कुठलीही गोष्ट नुसती बघता येत नाही. एक तर ती खाता आली पाहिजे, नाहीतर पुजता.

हा छत्रीनाना कोण, ते तारापुरात एकनाथशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती. एकनाथ नवा नवा पोस्टमन झाला तेव्हा मुंबईचं एक साप्ताहिक गावच्या डॉक्टरांकडे यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर रामनाथ नावाच्या चित्रकाराचा छत्रीनाना असायचा. टकलू, पोट सुटलेला, काखेत कायम मिटलेली छत्री. आठवड्याला तीन चौकोन. पाऊस पडायचा, नाना भिजायचा, पण छत्री कधी उघडायचा नाही. बायकोने, सखूकाकूने विचारलं तर म्हणायचा, अजून वेळ आलेली नाही.

एकनाथ अंकावरची कागदाची पट्टी हलक्या हाताने सरकवायचा, माडाखाली बसून नाना वाचायचा, पोटभर हसायचा, पट्टी पुन्हा चढवायचा आणि मग अंक डॉक्टरांच्या हातात द्यायचा. नोकरीतला एवढाच गुन्हा त्याने केला. पुढे डॉक्टरांच्या कंपाउंडरला गाठून तो जुने अंक मिळवू लागला. नाना कापून एका जुन्या रजिस्टरात चिकटवू लागला. नाना छापलेली काडेपेटी निघाली, ती त्याने जमवली. एका चहावाल्याने नानाचं कॅलेंडर काढलं, ते मिळवायला तो बोईसरपर्यंत चालत गेला. आणि मग एका गुरुवारी अंक आलाच नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. साप्ताहिक बंद पडलं म्हणाले. त्याच्या आदल्या गुरुवारी शेवटचा अंक डॉक्टरांकडे आला होता, पण त्या दिवशी एकनाथ तापाने पडलेला. बदली माणसाने तो देऊन टाकला आणि डॉक्टरांच्या घरी त्या कागदाने बंब पेटवला.

त्या शेवटच्या अंकात नानाने छत्री उघडली का? सोळा वर्षं एकनाथच्या डोक्यात हा किडा होता. दुसऱ्या कुणाला असला किडा असता तर लोक त्याला विद्वान म्हणाले असते. पोस्टमनला असला की येडा म्हणतात.

टपाल वाटायला किनाऱ्या-किनाऱ्याने जावं लागे. जाता-येता शिंपले दिसत. आधी त्याने सखूकाकू केली, मग नानाचा कुत्रा बाळू. नाना करायला मात्र नऊ वर्षं लागली. पोटाला दोन मोठ्या शिंपल्या, सुताराकडच्या सरसाने सांधलेल्या. डोक्याला गोल गरगरीत शंख. बुटांना कवड्या. छत्रीसाठी लांब, निमुळता, पिळाचा शंख हवा होता, टोक न तुटलेला. असा शंख लाटा किनाऱ्यावर येईपर्यंत फोडूनच टाकतात. तो सापडला सातव्या वर्षी. आणि चेहऱ्याला हात घालायची वेळ आली तेव्हा रजिस्टर उघडून बघतो तर कसर लागलेली. चिकटवताना प्रत्येक चौकोनाच्या मागे मधोमध, तोंडाच्या जागी, खळीचं बोट टेकवायची त्याची सवय. कसरीने खळ खाल्ली, खळीबरोबर तोंडं खाल्ली. दोनशे अकरा नाना आणि एकालाही तोंड नाही. काडेपेटीवरचं चित्र नखाएवढं, कॅलेंडरवर तर नाना पाठमोरा. मग चेहरा आठवून केला. हनुवटी वर, एक डोळा बारीक, नजर आभाळात. पाऊस येतो का ते बघणारा.

जमनाला त्या चेहऱ्यात तिचा नवरा दिसला होता.

एकनाथला याचं नवल वाटलं नाही, वैताग आला. कारण जमना भिका मेहेर हा त्याच्या नोकरीतला रोजचा काटा होता. भिका एकनाथबरोबर दुसरीपर्यंत शाळेत बसला, मग बोटीवर गेला, तांडेल झाला. नऊ वर्षांमागे त्याची होडी वादळात फुटली. बरोबरच्या तिघांची प्रेतं तीन दिवसांत किनाऱ्याला लागली. भिका लागला नाही. पुढे कुणीतरी शहाण्याने उठवलं, की सौराष्ट्राकडच्या कुठल्याशा बंदरात एक माणूस हाय, त्याला काय आठवत नाय, दिसायला आपल्या भिकासारका. झालं. त्या दिवसापासून मांगेलआळीत टपाल घेऊन शिरलं की जमना उंबऱ्यात उभी.

"भावजी, काय हाय का?"

"नाय, वैनी."

एवढंच. पण रोज. थंडीत, शिमग्यात, नारळीपुनवेला. रविवार सोडून नऊ वर्षं. एकदा तो चिडून म्हणाला होता, वैनी, भिका सहीच्या जागी अंगठा उठवायचा, तो पत्र कुठलं लिवणार? त्यावर जमना शांतपणे म्हणाली, लिवून घेल कुणाकडून. मी नाय तुमच्याकडून लिवून घेत? तिच्या दारात पोचायच्या वीस पावलं आधीच त्याचं तोंड 'नाय'चा आकार धरायचं.

गावाने तिला किती वेळा सांगितलं, विधी करून घे. माणूस समुद्राने ठेवून घेतला तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. जमना एकच म्हणायची. पानांचा माणूस माजा नव्हं. नारळाला मी नवरा कशी म्हणू?

त्याच संध्याकाळी जमना दारात आली. बरोबर धाकटा दीर नामदेव, हातात वहीचा फाडलेला कागद. जमनाच्या लेकीचं, लाडकीचं लग्न सातपाटीच्या घरात ठरलं होतं. दिवाळीनंतरचा मुहूर्त. पत्रिका पालघरच्या छापखान्यात छापायची, तिचा मजकूर एकनाथनेच लिहून दिला होता. परवा तो पालघरला जाणारच होता, तर कागद छापखान्यात द्यायचा असं ठरलेलं.

नामदेवने कागद पुढे केला. घसा खाकरला. सातपाटीचे व्याही काय म्हणाले ते त्याने पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. मजकुरात मुलीच्या बापाच्या नावाआधी 'श्री.' लिहिलंय. व्याह्यांचं म्हणणं, बाप जिता असंल तर मांडवात आणा. नसंल तर 'कै.' लिवा, आणि त्याआदी त्याचं काय ते करून मोकळे व्हा. अधांतरी माणसाची पोर आमी घरात घेणार नाय.

"बरोबर बोलतात ते," एकनाथ म्हणाला. "नऊ वर्षं झाली. मी पन तेच सांगतोय."

"आमी पन," नामदेव म्हणाला. "परवा सर्वपित्री. भटजीला सांगितलंय. पानं आणलीत."

जमना फळीकडे बघत होती. एकनाथने कागद घेतला, दौतीत टाक बुडवला आणि 'श्री.' खोडून वर लिहायला गेला.

"ती जागा मोकळी ठेवा," जमना म्हणाली.

"मोकळी ठेवून कसं चालंल? छापणारा इचारंल."

"भावजी, मी विधीला उभी ऱ्हाते. पन नारळ नको. तुमचा नाना द्या. त्याच्या डोक्याच्या जागी हा ठेवते. मंग तुमी लिवा काय लिवायचं ते."

हिराच्या हातातला बोंबील तसाच राहिला. एकनाथने टाक खाली ठेवला. त्याचं कपाळ तापलं.

मग तो जे बोलला त्यात नानाला लागलेली नऊ वर्षं होती, शंखाचं टोक होतं, कसर होती, परवाचं प्रदर्शन होतं. पालघरच्या शाळेत गांधी सप्ताहाचं हस्तकला प्रदर्शन, त्याच्या उद्घाटनाला रामनाथ येणार, ज्याने नाना काढला तो रामनाथ. सोळा वर्षं जे विचारायचं होतं ते विचारायला मिळणार. असा योग मेल्यावरही यायचा नाही. आणि ही बाई म्हणते त्याला जाळ.

"वैनी, हा भिका नाय," शेवटी तो म्हणाला. "हा कागदावरचा माणूस हाय. हसायसाठी काढलेला. कुणाचा कोण नाय."

"त्याची मान बगा ना," जमना म्हणाली.

"मी केलीय ती मान. मला नको दाखवू."

"मंग तुमाला कसं दिसत नाय?"

नामदेव शरमला. वैनी, चल, म्हणून तिला उठवू लागला. जाताना जमनाने नानाकडे बघितलं नाही, एकनाथकडेही नाही. कागद तेवढा पाटावर राहिला. दारातून बाहेर पडता पडता तिने नामदेवला विचारलेलं एकनाथला ऐकू आलं. परवा भावजी पालघरला, मंग टपाल कोण आणणार?

हिराने बोंबील ताटात टाकला. "शिंपल्याच्या बावल्यासाठी माणसं दुकवा," ती म्हणाली. "लय मोठे कारागीर."

एकनाथने पाटावरचा कागद उचलून घडी घातली.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी त्याने नानाला लुगड्याच्या जुन्या पट्टीत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, पत्रिकेचा कागद खिशात घातला आणि पहिली एसटी धरली. भिका मेहेर या नावाआधीची जागा तशीच मोकळी होती. गाडीत कारखान्याच्या बांधकामावरचे मजूर होते. तारापूरला अणूची वीज निघणार म्हणून देशभरची माणसं इथे येऊन पडली होती. एकाने हिंदीत विचारलं, डिब्बे में क्या है, मछली? एकनाथने नुसती मान हलवली. समजावत कुणी बसावं.

पालघरच्या शाळेचे हेडमास्तर कृष्णकांत सावे फाटकातच भेटले. बागायतदार घराण्यातले, धोतराची निरी कडक, बोलणं त्याहून कडक. त्यांनी डबा उघडायला लावला, नाना पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"एकनाथ, अरे मी तुला गणपती करायला सांगितलं होतं."

"गणपती सगळेच करतात, गुरुजी."

"सगळे करतात कारण लोकांना समजतो. हे काय समजायचं?"

हॉलच्या मधोमध मुलांनी केलेला शिंपल्यांचा ताजमहाल होता. आत विजेचा दिवा लावलेला. आपल्याकडे शिंपल्यांचं काही करायचं म्हटलं की माणसाला ताजमहाल सुचतो. ज्याने समुद्र बघितलाय त्यालाही ताजमहालच, आणि ज्याने समुद्र बघितला नाही त्यालाही तोच. नानाला जागा मिळाली मागच्या टेबलावर, बांबूच्या टोपल्या आणि खराट्यांच्या शेजारी. पुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवली होती, 'शिंपल्यांची बाहुली'. एकनाथने खिशातली जांभळी पेन्सिल काढली, जिभेला लावली, 'बाहुली'वर काट मारली आणि वर 'छत्रीनाना' असं ठसठशीत लिहिलं. मग तो टेबलापाशी उभा राहिला.

उद्घाटन अकराचं होतं. पाहुणे एक वाजता आले.

रामनाथ म्हणजे कुणी उंचपुरा, केस वाढवलेला माणूस असेल असं एकनाथला वाटलं होतं. मोटारीतून उतरला तो एक दमेकरी म्हातारा. जाड भिंगांचा चष्मा, कोटाच्या खिशातून डोकावणारी औषधाची बाटली. आता तो कॅलेंडरांसाठी देवदेवता काढायचा आणि सावेगुरुजींनी भाषणात त्याचीच ओळख करून दिली. लक्ष्मीचे डोळे असे कुणी काढले नाहीत म्हणाले. छत्रीनानाचं नाव त्यांच्या तोंडातून निघालं नाही. त्यांना ते ठाऊकच नसावं. म्हाताऱ्याने फीत कापली, ताजमहालाला दोनदा वा म्हटलं आणि जेवण कुठे आहे अशा नजरेने इकडेतिकडे बघू लागला.

एकनाथ आडवा आला. तशी त्याची हिंमत नव्हती, पण सोळा वर्षांचा किडा माणसाला पुढे ढकलतो.

"साहेब, हे बगा जरा."

रामनाथने चष्मा वर सरकवला. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याची नजर छत्रीवर गेली आणि तो वाकला.

"अरे," तो हळूच म्हणाला. "छत्रीनाना."

सावेगुरुजी मागे घड्याळ बघत होते. एकनाथने घाईघाईत सगळं सांगितलं. रजिस्टर, दोनशे अकरा चित्रं, शेवटच्या अंकाच्या दिवशी आलेला ताप, डॉक्टरांचा बंब. आणि मग विचारलं.

"शेवटच्या अंकात त्याने छत्री उघडली का, साहेब?"

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला हसू येतंय असं वाटलं, पण आलं नाही.

"शेवटचा असा काढलाच नाही मी," तो म्हणाला. "दर आठवड्याला काढायचो तसाच तोही एक होता. काय होतं त्यात आता आठवत नाही. पुढच्याचं चित्र घेऊन कचेरीत गेलो तर दाराला कुलूप. शेवट करायला कुणी वेळच दिला नाही, बाबा."

"मग ते पुढचं चित्र?"

"कुठे गेलं कोण जाणे." तो नानाकडे आणखी जवळून बघू लागला. "तुम्ही हे सुरेख केलंय. पण हा माझा नाना नाही हो. माझा नाना खाली बघायचा. चिखलात पाय पडेल म्हणून. काखेत छत्री, आणि जन्मात एकदाही आभाळाकडे बघितलं नाही. तीच तर गंमत होती." त्याने बोटाने हनुवटीपाशी हवेत एक रेघ मारली. "हा वर बघतोय. हा कुणीतरी खरा माणूस आहे. तुमच्या ओळखीतला. आणि कपाळाला हे काय, कुंकू?"

सावेगुरुजींनी पाहुण्यांना जेवायला नेलं.

एकनाथ नानाच्या तोंडासमोर वाकला. मान किंचित वर. एक डोळा बारीक. होडी पाण्यात लोटायच्या आधी भिका असाच उभा राहायचा. शाळेतसुद्धा, पाढे म्हणायला उभा केला की छपराकडे बघायचा आणि मार खायचा. त्या सकाळीही त्याने आभाळ बघितलं असणार, आणि साफ हाय म्हणाला असणार. दोनशे अकरा चित्रं वाचलेल्या माणसाने नानाचा चेहरा आठवायला डोळे मिटले आणि बोटांनी दुसऱ्याच माणसाला उभं केलं. आणि जी बाई कधी एक अक्षर वाचू शकली नाही तिने ते पहिल्या नजरेत वाचलं. एकनाथला स्वतःचा एवढा राग आला, की त्याने नाना उचलला तो जवळजवळ पडलाच.

सावेगुरुजींनी त्याला दारात अडवलं. म्हणाले, प्रदर्शन तीन दिवसांचं आहे, नोंद झाली आहे, वस्तू हलवता येणार नाही.

"ताजमहाल हाय ना, गुरुजी," एकनाथ म्हणाला. "तो कुटं जात नाय. तो बगा."

छापखाना बाजारात होता. खिळे जुळवणाऱ्या माणसाने कागद वाचला आणि बोट ठेवलं. इथे जागा का सोडली? एकनाथने जांभळी पेन्सिल जिभेला लावली. 'कै.' लिहायला काही वेळ लागत नाही. एक अक्षर, दोन मात्रा, एक टिंब. त्याने ते लिहिलं आणि बाहेरच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"आठ दिवसांनी येऊन घेऊन जा," छापणारा म्हणाला.

"येणार नाय. टपालाने धाडा. रजिस्टर करून."

"अहो, तारापूर काय लांब आहे?"

"टपालाने धाडा म्हटलं ना. नाव लिहा, जमना भिका मेहेर."

"आधी काय लावू? सौभाग्यवती, की श्रीमती?"

"काय नको," एकनाथ म्हणाला. "नुसतं जमना."

परतीची एसटी बोईसरला तासभर बंद पडून राहिली. ड्रायव्हर बिडी ओढत बसला, कंडक्टर त्याच्याशी गप्पा मारत. एकनाथ डबा छातीशी धरून त्या दोघांच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरत होता. तारापूरला उतरला तेव्हा ऊन कलतं होतं. तो खाडीच्या तोंडाशी जवळजवळ धावतच गेला.

ओहोटी होती. ओल्या वाळूच्या वर, कोरड्या पट्ट्यावर सरण रचलेलं, त्यावर पळसाच्या पानांचा माणूस निजवलेला. भटजी दिवस मावळायची भीती घालत होते. नामदेव ओला पंचा नेसून उभा होता. बायका तिथे येत नाहीत, पण जमना आली होती. जरा लांब, एका पालथ्या घातलेल्या होडीला टेकून. पानांच्या माणसाला डोकं नव्हतं. नारळ बाजूला वाळूत पडला होता. ती ठेवू देत नव्हती, आणि ओढून न्यायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

एकनाथने डबा उघडला, पट्टी सोडली आणि नाना तिच्या पुढे धरला.

"घे, वैनी."

जमनाने त्याला दोन्ही हातांत घेतलं. कपाळावरच्या गुलाबी डागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "ही छत्री काढा. त्याच्याकडं कंदी नव्हती छत्री."

एकनाथने कंबरेचा चाकू काढला. सरस पक्का बसला होता. सात वर्षांनी सापडलेला शंख तुटू नये म्हणून त्याने श्वास धरून पातं फिरवलं. छत्री सुटली. नानाची काख रिकामी झाली आणि त्याबरोबर तो नाना राहिला नाही. एक टकलू, पोट सुटलेला, आभाळाकडे बघणारा माणूस राहिला. भिकाला पोट नव्हतं, टक्कलही नव्हतं. पण ते कुणी बोललं नाही.

भटजी म्हणाले, शास्त्रात नारळ सांगितलाय. जमनाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने स्वतः जाऊन तो पानांच्या खांद्यांवर ठेवला.

शिंपले आगीत तडतडतात हे चुनाभट्टीवर राबलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी पहिला आवाज आला तेव्हा सगळे दचकले. काळोख व्हायच्या आत सगळं आटोपलं. नामदेवने राख सारखी केली तेव्हा मधोमध मूठभर चुन्याचा पांढराशुभ्र गोळा होता. बोट लावताच तो भुगा झाला.

घरी हिराने ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. फळीवर काडेपेट्या आणि सखूकाकू यांच्यामध्ये एकनाथने ती मिटलेली छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो मांगेलआळीत शिरला तेव्हा सवयीने त्याचं तोंड 'नाय'साठी तयार झालं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. जमना आत मासळी साफ करत बसली होती, पाठमोरी. तो क्षणभर थांबला आणि पुढच्या दारी गेला. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आपण तिच्या दाराशी आल्यावर उगाचच खोकतो. ती बाहेर आली नाही. नऊ वर्षं ज्या प्रश्नाने त्याचं डोकं पिकवलं होतं तो प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आता त्याचं डोकं पिकू लागलं.

दहाव्या दिवशी पोस्टात छापखान्याचा गठ्ठा आला.

तो गठ्ठा त्याने पिशवीत सगळ्यात वर ठेवला आणि त्या दिवशी वाट उलटी धरली, मांगेलआळी आधी. जमना अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. कपाळ मोकळं. त्याला बघून तिने नुसती मान हलवली आणि पुन्हा हात चालू केले.

"वैनी," तो म्हणाला. "हाय."

तिचे हात थांबले.

"तुझ्या नावावर हाय. अंगठा लागंल."

तिने पदराला हात पुसले. त्याने पावतीचा कागद पुढे केला, तिचं बोट धरून जांभळ्या शाईचा अंगठा उठवला आणि गठ्ठा तिच्या हातात दिला. तिने दोरी सोडली नाही, दाताने तोडली. आत पिवळ्या पत्रिका, वर गणपती, खाली लाल अक्षरं. तिने एक उचलली आणि बघू लागली, उलटी धरून. एकनाथने ती तिच्या हातात सुलटी केली.

"ह्यांचं नाव कुटं?"

त्याने दाखवलं. जमनाने नावावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू मागे सरकवत नेलं, नावाच्या आधीच्या अक्षरापर्यंत. तिथे थांबली. ते काय, हे तिने विचारलं नाही.

"बरं छापलंय," ती म्हणाली.

तिने बोट उचललं तेव्हा त्या अक्षरावर बोंबलाचा एक ओला, चकचकीत डाग राहिला होता. एकनाथने तो पुसला नाही. पिशवी खांद्यावर नीट घेतली, आणि पुढच्या घरची पत्रं हातात काढत तो निघाला.